गगनबावड्यापर्यंत गप्प

"आज गाडीत एक शब्द बोलायचा नाही," धैर्यशील म्हणाला. "एवढंच मागतो तुझ्याकडे."

मी शरयूची पिशवी भरत होते. थर्मामीटर वर ठेवावा की कप्प्यात, हे माझं ठरत नव्हतं.

"एक शब्द म्हणजे?"

"म्हणजे 'हळू' नाही, 'पुढे ट्रक आहे' नाही, 'अगं बाई' तर नाहीच नाही. तू मागे बसून नुसता श्वास आत ओढलास ना, तरी माझा हात हलतो स्टेअरिंगवरचा. त्यानेच अपघात व्हायचा एखादा."

"मी मुद्दाम करत नाही रे."

"माहितीये मला." त्याने माझ्या हातातून थर्मामीटर घेतला आणि वरच ठेवला. "जाताना बोल हवं तेवढं. येताना घाट चढून गगनबावड्याला पोचेपर्यंत फक्त गप्प बस. माझ्यावर विश्वास आहे, हे एकदा दाखव मला, केतकी."

तो इतक्या मऊ आवाजात बोलला, की मला माझीच लाज वाटली. मी हो म्हटलं.

शरयू तेव्हा वर्षाची व्हायची होती. ती वेळेआधी जन्मली आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. त्या वर्षी मला सगळंच ऐकू यायचं. दुधाचं झाकण, शेजारच्यांचा पंप, गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या गाड्या. कोल्हापुरातलं आमचं घर उद्यमनगरला लागून. वर्कशॉपांच्या ठोकाठोकीतूनसुद्धा मला धैर्यशीलची गाडी आली की सुकुमारची, हे खिडकीशी न जाता कळायचं.

सुकुमार मगदूम म्हणजे धैर्यशीलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची फाउंड्री होती. धैर्यशीलकडे जुनी होंडा सिटी, व्हीटेक इंजिनाची. सुकुमारकडे मित्सुबिशी लान्सर, आणि त्यात त्याने मुंबईहून कुठून तरी आणून बसवलेलं टर्बोचं इंजिन. दर रविवारी सकाळी दोघं आमच्या दारात दोन्ही बॉनेट उघडून उभे राहत, जावयाचं कौतुक करायला जमल्यासारखे.

"तुझी होंडा म्हणजे शिलाई मशीन, लेका," सुकुमार म्हणायचा. "आवाज मोठा, टाका बारीक."

"आणि तुझा टर्बो म्हणजे लग्नातला पाव्हणा. येतो येतो म्हणतो आणि पंगत उठल्यावर येतो."

"पण आला की मांडव हलवतो का न्हाई?"

मग गोष्ट तिथून जपानला जायची. स्कायलाइनचं सहा सिलिंडरचं इंजिन चांगलं की सुप्राचं. सुबारूत पिस्टन कसे आडवे झोपून एकमेकांकडे पाठ करून मारामारी करतात. माझदाच्या त्या इंजिनात पिस्टनच नाहीत, नुसता एक त्रिकोण फिरतो, हे ऐकून सुकुमारची बायको पद्मजा म्हणाली होती, "म्हणजे मोदक फिरतोय की ओ आत!" यातली एकही गाडी त्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण भांडण असं, की वाटावं दोन्ही घरांच्या वाटण्या चालल्यात. मी फिजिक्सची पदवीधर, म्हणून मधूनच मला पंच करत. "वयनी, सांगा, धुराच्या जोरावर पंखा फिरवून जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, ही अक्कल मोठी का नुसतं बोंबलत फिरायची?" मी काही सांगायला लागले, की दोघंही ऐकायचे नाहीत.

लग्नानंतर नवीन नवीन असताना धैर्यशीलने मला जोतिबाच्या रस्त्यावर नेलं होतं. "डोळे मिट आणि ऐक," म्हणाला. गाडी गुणगुणत चढत होती. मग त्याने काटा वर नेला आणि एका क्षणी आवाज फाटला, वरच्या पट्टीत गेला, पाठ सीटला चिकटली.

"याला दोन स्वभाव आहेत," तो म्हणाला. "खाली असतं तोवर घरातल्यासारखं. ठरावीक वेग गाठला, की झडपा उघडणारा दुसरा उंचवटा कामाला लागतो आणि मग ते पहिलं इंजिन राहतच नाही."

"आधी कळतं का काही?"

"नाही ना. तीच तर मजा. टर्बो बिचारा शिट्टी वाजवून सांगतो, आलो म्हणून."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

निघायच्या आदल्याच रविवारी सुकुमार म्हणाला होता, "मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं पळवणं सोप्पं हाय, भावा. बायको मागं बसलेली असताना पळवून दाखवायची. ती खरी गाडी आणि तो खरा गडी."

"तुझी तर किल्ली फिरवायच्या आधी ओरडते."

"मी ओरडतो म्हणून हे जिवंत हाईत," पद्मजा म्हणाली. ती कोल्हापूरच्या पोरींसारखं 'मी येतो, मी जातो' बोलायची. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

शरयूचं जावळ घाटाखालच्या देवीपुढे काढायचं होतं. धैर्यशीलच्या घरात मुलींचंही काढतात. मूल मामाच्या मांडीवर बसतं, म्हणून माझा मोठा भाऊ, निनाददादा, रत्नागिरीहून एसटीने थेट देवळात आला; परतताना तो आमच्याच गाडीने कोल्हापूरला यायचा होता. सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. सुकुमार आणि पद्मजा त्यांच्या लान्सरने आले.

न्हाव्याने पहिली बट काढली तेव्हा शरयू रडेल म्हणून मी श्वास धरून उभी होते. ती रडली नाही. दादाने तिला खुळखुळा दाखवत असं काही धरलं होतं, की तिला कळलंच नाही. केस गेल्यावर डोकं एवढंसं झालं आणि मधोमध टाळू दिसायला लागली. पातळ कातडीखाली ठक ठक उडणारी. मी त्यावर पदर धरला.

पुजाऱ्याने देवीच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून शरयूला घातला. तिला टोचेल म्हणून पद्मजाने तो लगेच काढून आपल्या पिशवीत ठेवला.

जेवणं झाल्यावर मी दादाला बाजूला घेतलं. सायकल शिकवताना मागचं कॅरिअर धरून धावणारा, मी विचारल्यावर "धरलंय, धरलंय" म्हणणारा आणि खरंच धरून ठेवणारा माझा भाऊ.

"दादा, मला घाटाची भीती वाटते. आणि आज मी काही बोलणार नाही असं त्याला कबूल केलंय."

दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला.

"मग पाळ की. बावड्यापर्यंतच तर आहे."

"तुला सांगितलं त्याने?"

"अगं, नवरा एवढं मागतोय तर दे. माझ्यासाठी पाळ. मी पुढेच बसतोय ना? काही वाटलं तर मी आहे."

मला एकदम हलकं वाटलं.

घाटाच्या पायथ्याशी गाड्या थांबवल्या. तिघे पुरुष बॉनेटशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. सुकुमारने टायरांना लाथा घालून बघितल्या, पाण्याच्या बाटल्या, देवळातला शिधा, सगळं दोन्ही गाड्यांत सारखं वाटून ठेवलं. मग त्याने स्वतः पद्मजाला मागच्या सीटवर बसवून तिचा पट्टा लावला.

"आज लई प्रेम आलंय," पद्मजा म्हणाली. "आणि मी मागं का बसायचं ओ?"

"वयनी मागं बसल्यात न्हवं? मग तू बी बस."

मी शरयूला मांडीवर आडवी घेतली. ती झोपली होती. दादा पुढे बसला. बसल्या बसल्या त्याने डोक्यावरची उन्हाची झडप खाली घेतली. तिच्या मागच्या छोट्या आरशात त्याचे डोळे मला दिसले. ऊन तर त्या बाजूने नव्हतं. माझ्यावर लक्ष ठेवायला केलं असणार, असं मनात आलं, आणि मी त्याला बघून हसले.

पहिली वळणं बरी गेली. इंजिन गुणगुणत होतं. मी खिडकीबाहेर न बघता शरयूची टाळू बघत होते. मागून शिट्टी आली, बारीक, वाढत जाणारी, आणि लान्सर आमच्या कडेने घासून पुढे गेली. धैर्यशीलने गिअर खाली टाकला.

आणि आवाज फाटला.

मी डोळे मिटून ओळखलं असतं तो. काटा कुठे गेला असेल ते मला बघायची गरज नव्हती. संसार घेऊन निघाल्यावर या आवाजापर्यंत जायचं नाही, असं शरयू घरी आली त्या दिवशी त्यानेच मला सांगितलं होतं, मी न विचारता. मी तोंड उघडलं. आरशात दादाचे डोळे होते. त्याने अगदी हलकेच मान हलवली. नको, अशी.

मी ओठ दातांखाली धरला.

डावीकडे दरी, उजवीकडे ओला कातळ. प्रत्येक वळणाला मी शरयूसकट एका बाजूला जात होते, मग दुसऱ्या. दोन वळणांनंतर पुढची लान्सर अचानक मंदावली आणि कडेला झाली. मागच्या खिडकीतून पद्मजाचा हात बाहेर आला होता. काचा बंद असूनही मला तिचा आवाज ऐकू आला, "ओ! हळू! मारताय काय!"

धैर्यशील मोठ्याने हसला. दादाही. आम्ही त्यांना ओलांडून पुढे गेलो.

मला वाटलं, झालं, पुढे जायचं होतं, गेलो. आता हा हळू होईल. तो झाला नाही. उलट प्रत्येक वळणातून बाहेर पडताना तो आवाज येत राहिला, जणू तो मला काही विचारत होता आणि मी उत्तर देत नव्हते म्हणून पुन्हा विचारत होता.

मग एका आंधळ्या वळणावर समोरून लाल एसटी आली.

ब्रेक लागले. शिध्यातला नारळ सीटवरून घरंगळला. शरयूचं डोकं दाराकडे गेलं आणि मी मध्ये हात घातला. दाराच्या कडीवर माझी बोटं आपटली, त्यावर तिचं डोकं. काहीतरी कट्कन झालं. ते माझ्या बोटात झालं, तिच्यात नाही, हे कळायला जो वेळ गेला, तो मी अजून विसरलेले नाही. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. शरयूने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. रडू की नको, हे ती माझ्या चेहऱ्यावरून ठरवायची. मी हसले. ती रडली नाही.

तोंडात रक्ताची चव आली होती. आरशात दादा बघत होता. मी काही बोलले नाही. मला वाटलं, मी आत्ता एका माणसावरचा विश्वास दोन्ही हातांनी धरून ठेवलाय, आणि सोडला तर तो दरीत जाईल.

गगनबावड्याला धुकं होतं. चहाच्या टपरीसमोर गाडी उभी राहिली. धैर्यशील खाली उतरला आणि त्याने दोन्ही हात वर केले. मला वाटलं, आळस देतोय.

मी शरयूला घेऊन उतरेपर्यंत लान्सरही आली. सुकुमार उतरला तो सरळ पद्मजाच्या पिशवीकडे गेला. त्याने देवीचा हार काढला. आमच्या होंडाच्या बॉनेटसमोर वाकून त्याने तो तिच्यावर घातला आणि हात जोडले.

"मानलं, पाटील. व्हीटेकला दंडवत."

"तो शरयूचा हार आहे," मी म्हटलं. घाटाखालून निघाल्यापासूनचे माझे पहिले शब्द.

"आता बोला, वयनी! आता काय बी बोला. घाट संपला!"

"म्हणजे?"

"एक शब्द नाही बोलली," दादा अभिमानाने म्हणाला. "मी साक्षीदार. सारखा बघत होतो आरशातून. एसटी आली तेव्हा मला वाटलं, गेली पैज. पण नाही! आमच्या रत्नागिरीचं पाणी आहे."

पद्मजा मधे आली. "कसली पैज ओ?"

"ज्याची बायको 'हळू' म्हणेल तो हरला," सुकुमार म्हणाला. "आणि तू तर अर्ध्या घाटातच बोंब मारलीस."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं तर पैज कसली? तीच तर अट हुती. बायकांना आधी काय म्हंजे काय सांगायचं न्हाई. गाडी इतकी गुळगुळीत पळाली पाहिजे, की त्यांना भ्याच वाटू नये." मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात खरोखरचं कौतुक होतं. "वयनी, खरं सांगा, अजिबात भ्या वाटलं न्हाई?"

"मला यानेच सकाळी सांगितलं होतं," मी म्हटलं. "गप्प बस म्हणून. विश्वास दाखव म्हणून."

सुकुमारचं हसू हळूहळू गेलं. त्याने धैर्यशीलकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता हा त्याला विचारेल, पोर होतं मागे, तुला काही वाटलं नाही का.

"म्हंजे तू पढवून आणलंस?" सुकुमार म्हणाला. "मग हे चालत न्हाई, धैर्या. ही रड्डी झाली."

"रड्डी कसली? पैजेचं कुठे सांगितलं मी? फक्त गप्प बस म्हटलं."

"एकच झालं की!"

"एकच कसं? निनाद, तू सांग. तू पंच आहेस."

दादा विचारात पडला. खरंच पडला. कपाळाला आठ्या घालून. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "पैजेची तिला कल्पना नव्हती. भीती वाटूनही ती बोलली नाही, म्हणजे..."

"भ्या वाटलं म्हंजे गाडी हरलीच! टर्बोनं निदान फसवलं तरी न्हाई कुणाला."

"तुझ्या टर्बोला शिट्टीशिवाय येतं काय?"

आणि ते तिघे रविवारच्यासारखे बोलायला लागले. बॉनेटवरचा हार वाऱ्याने हलत होता.

"दादा," मी म्हटलं. "तू म्हणाला होतास, काही वाटलं तर मी आहे."

"अगं, होतोच की मी," तो म्हणाला. "गंमत होती केतू. पोचलो ना नीट?"

धैर्यशील माझ्याजवळ आला. अजून त्याचे डोळे चमकत होते. "रागावलीस? अगं, मला माहीत होतं तू दिलेला शब्द मोडणार नाहीस. म्हणून तर पैज लावली."

"आणि मी ओरडले असते तर?"

"तर हरलो असतो," तो म्हणाला आणि हसला.

मी गाडीतून शरयूची पिशवी काढली. उजव्या हाताने उचलता आली नाही, म्हणून डाव्या खांद्याला लावली. स्टँड समोरच होता, कोल्हापूरची गाडी लागलेली होती. मी रस्ता ओलांडला. मागून धैर्यशीलने दोनदा हाक मारली. मग सुकुमारचा आवाज आला, "जाऊ दे, येतील," आणि मग चपलांचा फटफट आवाज. पद्मजा धावत येत होती.

"थांब, मी बी येतो," ती म्हणाली.

एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. पद्मजाने शरयूला घेतलं, तेव्हा तिचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. करंगळीशेजारचं बोट काळंनिळं होऊन टम्म सुजलं होतं, अंगठी आत रुतली होती.

"अगं, हे काय! कधी लागलं?"

"एसटी आली तेव्हा."

"आणि तू..." तिने आपला रुमाल बाटलीच्या पाण्यात भिजवला आणि माझ्या बोटाला गुंडाळला. गाठ मारत म्हणाली, "मी ओरडून हारवलं आणि तू गप्प बसून जिंकवलंस. आपल्याला कुणी विचारलं होतं गं, खेळताय का म्हणून?"

तेव्हा मला रडू आलं.

गाडी सुटली. मागच्या काचेतून दिसलं, होंडा आणि लान्सर आमच्या मागे निघाल्या होत्या. एकामागे एक. रस्ता सरळ होता, समोरून कुणी नव्हतं. तरी दोघांपैकी एकानेही एसटी ओलांडली नाही. प्रत्येक थांब्याला आम्ही थांबलो की त्या थांबत, आम्ही निघालो की निघत. शिट्टी नाही, फाटलेला आवाज नाही. हार बॉनेटवर तसाच होता. शरयू पद्मजाच्या खांद्यावरून ते बघत हात नाचवत होती.

कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला आणि वाकून बघायला लागला.

"मागं वरात हाय काय ओ कुणाची?"

"आमचीच," पद्मजा म्हणाली.

त्याला बरीच वर्षं झाली. दादा राखीला येतो, मी ओवाळते. सायकलचा विषय निघाला, तर मी चहा टाकायला उठते. होंडा विकली. मी सांगितलं नव्हतं. धैर्यशीलने आपणहून विकली आणि आता त्याच्याकडे एक ऑटोमॅटिक आहे, जिचा आवाज कुठल्याच वेगाला बदलत नाही. तो फार सावकाश चालवतो. मागचे हॉर्न देतात, तरी डावी बाजू सोडत नाही. अंगठी मी डाव्या हातात घालते, कारण ते बोट सांध्यात पुरतं वाकत नाही.

परवा आम्ही जोतिबाला निघालो होतो. शरयू आता आठवीत आहे. मी मागे, तिच्या शेजारी. मी मागेच बसते.

"काहीतरी बोल की," धैर्यशील म्हणाला. तो गाडीत बसलं की म्हणतो. "वेग ठीक आहे ना?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"आई," शरयू म्हणाली, "तू घरी एवढी बडबडतेस आणि गाडीत बसलं की गप्प. का गं?"

"बाबांना कबूल केलंय," मी म्हटलं.

धैर्यशीलने आरशात बघितलं नाही. गाडीचा वेग मात्र आणखी थोडा कमी झाला.